भाऊजी आणि बोलती यंत्रं

आमचे धाकटे दीर यंत्रांशी जितक्या अदबीने वागतात, त्याच्या निम्म्याने माणसांशी वागले असते तर एव्हाना त्यांचं लग्न होऊन दोन मुलं झाली असती. हे मी रागाने नाही, दमून म्हणते. तिशीत डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. हट्ट मात्र शाबूत राहिला, किंबहुना वाढला. पुण्याची नोकरी सोडून ते आमच्या मागोमाग नेदरलँड्सला आले, इथे डीमनमध्ये आमच्या शेजारच्या इमारतीत राहिले आणि पांढरी काठी घेऊन रोज एकटे ट्रेनने युट्रेख्टला जाऊन सॉफ्टवेअरमधल्या चुका काढू लागले. आठवडाभर चुका काढून पगार घेणारा माणूस शनिवारी तरी थांबेल की नाही? छे!

शनिवार हा सार्वजनिक यंत्रांच्या तपासणीचा वार. मी सोबत कशाला, तर फोटो काढायला. ‘‘पुरावा लागतो, वहिनी. नुसत्या तक्रारीला इथे कोणी विचारत नाही.’’ मग काय, घरात भाजी निवडायची पडलेली आणि मी एका दुकानाच्या लिफ्टमध्ये वाकून बटणांचे फोटो काढतेय, कारण तिथली ब्रेलची पट्टी कुणीतरी उलटी चिकटवलीय आणि भाऊजींच्या बोटांना ते सहन होत नाहीये. रस्ता ओलांडताना खांबावरचं यंत्र लाल दिव्याला सावकाश आणि हिरव्याला भराभर टकटकतं, तेव्हा मी तोंड उघडलं की लगेच, ‘‘थांबा हो, त्याला बोलू द्या!’’ पैसे काढायच्या यंत्राला ते स्वतःचा इयरफोन लावतात, त्यातल्या बाईंचं सगळं डच बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतात आणि निघताना त्यांना ‘दांक यू वेल’, म्हणजे खूप आभार, म्हणतात. नोटांची गरज इथे कुणाला असते? पण ‘‘बाई फार नीट समजावून सांगतात,’’ म्हणून महिन्यातून दोनदा भेट ठरलेली. मी चार वर्षं यांना समजावतेय, मला एकदा तरी कोणी दांक यू म्हटलंय?

स्टेशनवर आंधळ्या माणसांसाठी जमिनीत उंचवट्याच्या पट्ट्या असतात. त्यांवर कोणी सायकल लावली की भाऊजी वळसा घालून जात नाहीत. त्या सायकलची घंटी मालक येईपर्यंत वाजवत उभे राहतात. एकदा अशी वीस मिनिटं वाजवली. मालकीणबाई धावत आल्या, ओशाळल्या, माफी मागितली. भाऊजी म्हणाले, ‘‘घंटी छान आहे तुमची.’’ मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

असा सगळा देश एकटा हिंडणारा हा माणूस अडला तो आमच्या डॉक्टरांच्या दारात. भाऊजींना मधुमेह आहे, दर तीन महिन्यांनी दाखवावं लागतं. दवाखान्यात शिरताच एक गुळगुळीत काचेचा पडदा. त्यावर जन्मतारीख दाबली की आल्याची नोंद होते, मग आत बोलावतात. ना बटण, ना आवाज. काउंटरवरची बाई गोड आवाजात म्हणायची, ‘‘सोबत कोणाला तरी आणा ना.’’ एकदा हट्टाने एकटे गेले आणि नोंदीवाचून दीड तास बसून घरी आले. त्यानंतर मी अर्धी रजा टाकून बरोबर जायची आणि चाळिशी उलटलेल्या माणसाची जन्मतारीख शाळेत नाव घालायला नेल्यासारखी दाबायची. तेवढा वेळ भाऊजी मान दुसरीकडे वळवून उभे राहायचे. चेष्टा नाही, काही नाही. ते मला बघवायचं नाही.

दीड वर्ष त्यांनी पत्रं लिहिली. अखेर दवाखान्याने महिनाभराच्या चाचणीपुरतं यंत्राला इयरफोनचं भोक आणि हाताला लागणारी बटणं बसवली. चाचणीला एक उंच तंत्रज्ञ कागद घेऊन उभा. भाऊजी नवा शर्ट घालून आलेले. इयरफोन लावला, दिवस दाबला, महिना दाबला, वर्षाचे दोन आकडे दाबले आणि थांबले.

आता आपल्याकडची खोड अशी, की कोणाचं बरणीचं झाकण अडलं, बॅगेची चेन अडकली, की आपण ‘‘द्या इकडे!’’ म्हणून मोकळे. विचारतो कुठे? माझा हात गेला आणि उरलेले दोन आकडे मी दाबून टाकले. भाऊजी अडले नव्हते. नेहमीसारखे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होते.

तंत्रज्ञाने कागदावर लिहिलं. आठवड्याने पत्र आलं: सोबतीच्या मदतीने नोंद व्यवस्थित होते, सबब आवाजाची गरज दिसत नाही, महिनाअखेर तो काढण्यात येईल. भाऊजींनी ते फोनकडून माझ्यासमोरच वाचून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन शिव्या तरी द्याव्यात माणसाने! ते एवढंच म्हणाले, ‘‘चहा टाका, वहिनी.’’

त्या दुपारी मी मोडक्यातोडक्या डचमध्ये दवाखान्याला लिहिलं, की तो हात माझा होता, त्यांना मदत नको होती, घाई मला होती. इथली माणसं सरळ बोलण्याला सरळ उत्तर देतात. भाऊजींना पुन्हा चाचणीला बोलावलं. निघताना भाऊजी दारात घुटमळले.

‘‘वहिनी, तुम्ही...’’

‘‘नाही येत हो. जा तुम्ही.’’

साडेदहाला फोन आला. ‘‘झाली नोंद. पहिल्याच फटक्यात. आत बसा म्हणालं यंत्र.’’

‘‘मग बसलात का?’’

‘‘नाही अजून. जरा उभा राहतो.’’

मी बरं म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. दमले होते ना मी? सुटले एकदाची. त्या दिवशी अर्धी रजा मात्र मी टाकूनच ठेवली होती, आणि बाहेर जायचे कपडे घालून सकाळपासून स्वयंपाकघरात बसले होते.