मुठीचे तांदूळ

आमच्या घरी भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूला निघायचा. आंधण उकळत असताना आई तांदळात हात घालायची, डोळे मिटायची, कोणाचं तरी नाव ओठांत घ्यायची आणि ती मूठ दूध पावडरच्या जुन्या डब्यात सोडायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. डबा रिकामा असला की तांदूळ पडल्याचा आवाज मोठा यायचा, आठवडा सरत आला की नुसती सळसळ. थंडीत नवेगाव बांधच्या तलावावरचं धुकं आमच्या दारापर्यंत यायचं. त्या धुक्यात, अर्धवट झोपेत ऐकलेला तो आवाज अजूनही बसमध्ये डुलकी लागली की मला ऐकू येतो.

आमच्या चर्चच्या मंडळीची दहा-बारा घरं, प्रत्येक घरात असा डबा. शनिवारी एक मावशी पिशवी घेऊन दारोदार तांदूळ गोळा करायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गोळा झालेला तांदूळ ज्याच्या घरी अडचण त्याच्याकडे जायचा. पण मावशी नुसती पिशवी पुढं करायची नाही. उंबऱ्यावर टेकायची आणि विचारायची, "या हप्त्यात कोणाच्या नावानं टाकली वं?" एका घरी सुनेचे दिवस भरत आलेले असायचे, दुसऱ्या घरी म्हाताऱ्याचा ताप उतरत नसायचा. मावशी ते नाव पुढच्या घरी न्यायची. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं दुखणं सगळ्या चुलींपाशी पोचलेलं असायचं.

माझ्या बारावीच्या वर्षी मावशीनं स्वतःच्या डब्यात रोज माझ्या नावाची मूठ टाकली. मी पास झाले. अर्जुनी मोरगावला जाऊन येऊन कॉलेज केलं, पदवी घेतली. वडील तलावात मासे धरत, आई दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाई. त्या घरातली पहिली पदवीधर मी. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तालुक्याला नोकरी लागली तसं मंडळीत माझ्या शब्दाला वजन आलं. एका रविवारी उपासनेनंतर मी उभी राहिले. म्हटलं, रोज दोनदा मूठ काढा, शनिवारी गोळा करा, कशाला हा व्याप? धान निघालं की प्रत्येक घरानं एकदाच एक पोतं तांदूळ द्यावा. वर्षाचं काम एका दिवसात. पाळकांना पटलं. बायका म्हणाल्या, "शिकली पोरगी, डोकं चालते तिचं."

दाराजवळच्या चटईवरून मावशी म्हणाली, "मंग माह्या शनवारचं मी काय करू?"

सगळे हसले. मीही हसले. "आता आराम कर नं, मावशी."

त्यानंतरचे महिने मला एखाद्या लांब, उबदार दुपारीसारखे आठवतात. वेदीमागं पोत्यांची थप्पी होती. प्रार्थनेत डोळे मिटले की नव्या तांदळाचा वास यायचा आणि वाटायचं, आपलं सगळं भरलेलं आहे. रोज सकाळी मी मंडळीच्या ग्रुपवर फुलांच्या चित्रासह एक वचन टाकायचे, खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. स्वतः प्रार्थनेला बसले की मात्र मागायला काही सुचत नसे. इकडं सगळं ठीक आहे, असं देवाला कळवून मी उठायचे. तेव्हा त्यालाच मी शांती समजत होते.

पावसाळा संपता संपता पोत्यांना कीड लागली. एका रविवारी पोतं उघडलं तर तांदूळ चालत होता. कोणीतरी म्हणालं, "मावशीले सांगा, तिच्यासारखं पाखडणं कोणाले येत नाई." आम्ही सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. चटई रिकामी होती.

"मागच्या रविवारी होती का?"

"असन."

"अन् त्याच्या मागच्या?"

मी तर नेहमी पहिल्या रांगेत बसायचे, मागं वळून पाहिल्याचंच मला आठवेना.

मी आणि आई तशाच निघालो. मावशीचं घर तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी. शेजारची बाई, आमच्या मंडळीतली नाही, ताटली घेऊन बाहेर पडत होती. "तुमच्याच चर्चची हाये नं हे?" ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही लोक गाव सोडून गेले."

मावशी बाजेवर होती. अंगणात पाय घसरला, कंबर धरली, महिना झाला. दोन वेळचं ती शेजारीण आणून देत होती.

"निरोप काऊन नाई धाडला, मावशी?" आईनं विचारलं.

"तुह्या पोरीनंच तं सांगतलं, आराम कर म्हून."

बाजेच्या उशाशी तिचा डबा होता. शेजारणीनं मावशीचाच तांदूळ भरून दिलेल्या गंजातून पडल्या पडल्या ती मूठ काढत होती. मी विचारलं, "कोणाच्या नावानं टाकून राहिली?"

"तुह्या."

"माह्या? मले काय झालं?"

"काई नाई झालं," मावशी म्हणाली. "म्हूनच तं."

बाहेर पाळीवरून बगळे उठले. बराच वेळ मी त्यांच्याकडंच पाहत राहिले, कारण आत पाहवत नव्हतं.

घरोघरी पुन्हा मूठ निघू लागली, पुढच्या शनिवारी पिशवी मी घेतली. आमच्या डब्यात आईनं सुक्या मिरच्या ठेवल्या होत्या. तो धुऊन पुसून घेतला, तरी पहिल्या मुठीला तिखट वास आलाच. दारोदार मी मावशीचा प्रश्न विचारला, तर बायकांना नावं आठवायला वेळ लागला. मावशी आता काठी धरून जेमतेम अंगणापर्यंत येते. शनिवारी संध्याकाळी ती माझ्याकडून एकेक नाव वदवून घेते, आणि मी एखादं घर गाळलं असलं की तिला बरोबर कळतं.

आज सकाळी आंधण उकळलं, मूठ हातात होती आणि एकही नाव येईना. बसची वेळ होत आली होती. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. डोळे मिटून, मूठ आवळून मी तशीच उभी राहिले.