टायरचे कापडी मोजे

लेक नॉर्वेत नोकरीला लागली आणि पहिल्याच थंडीत तिची गाडी घराजवळच्या चढावर अडकली. तिने ते फोनवर हसत हसत सांगितलं. आमचे हे मात्र हसले नाहीत. सगळी हयात बहारीनमध्ये ड्रायव्हरकी केलेला माणूस. वाळूत रुतलेली गाडी ते आरामात काढायचे, बर्फ मात्र फ्रीजबाहेर कधी पाहिलेला नव्हता. ते मोबाइलवर व्हिडिओ बघत बसू लागले आणि एक दिवस इथे बहारीनमध्ये, सनाबिसच्या आमच्या फ्लॅटवर पार्सल आलं. आत जाड पांढऱ्या कापडाच्या दोन गोल पिशव्या, कडेला इलॅस्टिक. बर्फात पुढच्या चाकांवर चढवायच्या, म्हणजे टायर घसरत नाहीत. मी त्यांना मोजे म्हणायला लागले.

तिथेही मिळतात, असं लेक म्हणाली. पण ती घ्यायची नाही, हे ह्यांना माहीत होतं. डिसेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार होतो, तेव्हा मोजे न्यायचे आणि तिला शिकवायचं, असं ठरलं. त्यासाठी हे आधी स्वतः शिकले. शुक्रवारी ऊन चढायच्या आत आम्ही खाली पार्किंगमध्ये जायचो. मोजा चाकावर वरून ओढायचा, गाडी थोडी पुढे घ्यायची, उतरून उरलेला भाग ओढायचा. मी दुसरा मोजा धरून उभी. वरच्या मजल्यावरचे केरळचे शेजारी एकदा थांबून बघत राहिले. ह्यांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "स्नो के लिए." शेजाऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि ते जिन्याकडे वळले.

बॅगा भरून झाल्या होत्या. मोजे तळाशी, त्यावर लोकरीचे कपडे. तेव्हाच ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमधून मी लेकीला फोन केला, ती लगेच विमानतळाकडे निघाली. तिकडे सकाळपासून बर्फ पडत होता. गाडीला थंडीचे टायर होते, तरी त्याच चढावर ती घसरून कडेच्या चरात गेली. मदत येऊन गाडी बाहेर निघेपर्यंत विमान गेलं होतं. दुसरं विमान धरून ती पोचली, तोवर हे गेले होते.

चार लोकांदेखत ती रडली नाही. सगळं उरकल्यावर, बाबांचा एखादा शर्ट ठेवून घ्यावा म्हणून तिने बॅग उघडली आणि मोजे हाती आले. एरवी ती आमच्याशी इंग्रजीतच बोलायची, आम्ही मराठीत. त्या दिवशी अडखळत म्हणाली, "आई, हे तेच?" मी मान हलवली. तिने मोजे मांडीवर पसरले, इलॅस्टिक ताणून पाहिलं. मग म्हणाली, "कसं घालायचं, दाखव."

आम्ही खाली ह्यांच्या गाडीपाशी गेलो. मला गाडी येत नाही, पण बघून बघून सगळं पाठ झालं होतं. मी सांगत गेले, ती करत गेली. गाडी पुढे घ्यायला ती आत बसली. सीट ह्यांच्या उंचीची, मागे सरकवलेली होती. तिने ती हलवली नाही, पायाच्या टोकांनी कशीबशी चालवली. मग इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडली.

"बाबांनी माझी वाट पाहिली का गं?"

हे पहाटेपर्यंत शुद्धीत होते. ती निघाली का, पोचली का विमानतळावर, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. ती विमानात बसली, असं मी सांगितलं होतं. "मग मी पडतो जरा," म्हणाले.

"नाही गं," मी लेकीला म्हटलं, "त्यांना शुद्धच नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. मोजे काढून, वाळू झटकून तिने आपल्या बॅगेत घातले.

माझा इथला व्हिसा ह्यांच्या नोकरीवर होता. आता मलाही निघायचंय, गावी दिराकडे. गाडी विकली, भांडीकुंडी वाटतेय. लेक रोज फोन करते. जेवलीस का, झोप लागते का, सगळं विचारते. तिकडे बर्फ पडतोय, हे मी बातम्यांत बघते. ती त्याबद्दल काही बोलत नाही, आणि मोजे चढवतेस का, हे मलाही विचारवत नाही.