फवारेवालीचा खोकला

आसपासच्या सगळ्या इमारतींमध्ये तिला फवारेवाली म्हणत. खांद्याला निळी पिशवी, पिशवीत जंतुनाशक फवाऱ्याच्या बाटल्या आणि चेहऱ्यावर असं हसू, की दार उघडणारीला वाटावं, ही आपल्याच माहेरची कुणीतरी. लोकांच्या सोफ्यावर, पडद्यांवर, उशांवर फवारा मारून दाखवायचा आणि बाटली गळ्यात मारायची, हे तिचं काम. धंदा खरा नणंदेचा, ही तिच्या हाताखाली. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून बिऱ्हाडही नणंदेच्याच वरच्या खोलीत होतं. नवरा बहिणीपुढे गरीब गाय. "जरा सांभाळून घे," यापलीकडे त्याची गाडी जात नसे.

सुरुवातीला तिच्याकडून एक बाटली खपेल तर शपथ. मग तिला खोकला लागला. बंद खोलीत फवारा उडाला की घसा धरायचा, छाती आवळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. एका घरी ती अशी खोकत असताना मालकीण घाबरली. सोबत आलेल्या नणंदेनं लगेच संधी साधली.

"बघितलंत ना? हिला जंतू बरोबर कळतात. तुमच्या सोफ्यात किती असतील, विचार करा."

बाटल्या हातोहात गेल्या. खाली उतरता उतरता नणंद म्हणाली, "यापुढे बाटली काढायच्या आधीच खोकायचं. घरात पाऊल टाकलं, की लगेच. लोकांना पटतं."

आणि ती खोकू लागली. इतकं छान, की नाटकात असती तर टाळ्या पडल्या असत्या. फवाऱ्याआधीचा खोकला खोटा, नंतरचा खरा. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच.

पुढे दोन जिने चढले तरी धाप लागायला लागली, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बाटली मागितली. पुढच्या बाजूला हिरवं पान, झोपलेलं बाळ आणि ठळक अक्षरांत 'जंतूंचा नायनाट, बाळासाठी निर्धोक'. मागे 'खास जंतुरोधक घटक'. म्हणजे कुठला, त्याचा पत्ता नाही. त्याखाली नणंदेच्या फोन नंबराचा स्टिकर होता. डॉक्टरांनी तो नखानं सोलला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं निघालं: 'हवेशीर जागेतच वापरा. दमा असणाऱ्यांनी वापरू नये. लहान मुलांजवळ फवारू नये.'

"हा स्टिकर कोण लावतं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं सोललेला स्टिकर उचलून मुठीत धरला. रोज सकाळी चहा पिता पिता तीच लावत असे.

"घटकाचं नाव असतं तर नेमकं सांगता आलं असतं. पण तुमची छाती ऐकून वाटतंय की हेच कारण असणार. यापासून लांब राहा."

लांब म्हणजे कुठे? नणंदेच्या खोलीतून लांब जायचं तर सरळ रस्त्यावर.

घरी तिनं विषय काढला. नणंद म्हणाली, "नंबर तिथे नको तर कुठे लावू, बाळाच्या तोंडावर? आणि डॉक्टरांना सांगायला काय जातंय? ते देणार आहेत का खोली?" नवरा पुन्हा म्हणाला, "जरा सांभाळून घे." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पिशवी खांद्याला लावली. तिला स्वतःचाच मनापासून राग आला आणि त्या रागाचं काय करावं, ते कळेना.

त्यानंतर एका घरून बोलावणं आलं, नणंदही सोबत गेली. एका जुन्या गिऱ्हाइकाची धाकटी बहीण होती ती. तिची चिमुरडी पलंगावर उशी कवटाळून बसली होती. श्वास घेताना मुलीच्या छातीतून बारीक घरघर येत होती.

"हिच्यासाठीच हवंय," आई म्हणाली. "रात्ररात्र झोपत नाही. म्हटलं, उशीतच जंतू असतील."

 ती घरघर फवारेवालीला चांगली ओळखीची होती. नणंदेनं कोपरानं ढोसलं, तरी ती खोकली नाही.

"मॅडम, हे घेऊ नका. लहान मुलांजवळ मारायचं नसतं. मला खोकला यानंच लागलाय."

 आई गोंधळली. "पण ताईकडे तर तुम्ही आत आल्या आल्या खोकलात. बाटली तेव्हा पिशवीतच होती. ताईनंच सांगितलं मला."

"तो खोटा होता. मुद्दाम खोकले मी."

"मुद्दाम?"

"हो. विकायला."

नणंद मध्ये घुसली. "मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं? ही माझी भावजय. घरात आमचं भांडण चालू आहे, म्हणून माझं गिऱ्हाईक तोडायला निघाली आहे. तुमच्या ताईंना विचारा की, झाला का काही त्रास?" बोलता बोलता तिनं पडद्यावर फवारा मारलासुद्धा.

"ताईला तर उलट बरं वाटतंय," आई हळूच म्हणाली.

"मॅडम, बाटलीच्या मागचा स्टिकर..." फवारेवालीनं हात पुढे केला, तोच पडद्यावरच्या फवाऱ्यानं तिचा घसा धरला. छाती आवळली. ती दाराच्या चौकटीला धरून वाकली. शब्द आत अडकले, बाहेर नुसता खोकला. डोळे भरून आले, तरी ती बोटानं बाटलीकडे दाखवत राहिली.

आईनं तिच्याकडे बघितलं. काळजीनं नाही.

"पुरे आता," ती म्हणाली. "लेकरासमोर तरी नाटकं करू नका."

मग तिनं नणंदेच्या हातातून बाटली घेतली, मुलीला जरा बाजूला केलं आणि उशीवर दोन्ही बाजूंनी नीट फवारा मारला. "खिडकी लावून घ्या, जास्त वेळ टिकतं," नणंद म्हणाली. आईनं खिडकी लावली आणि मुलीला उशीवर निजवलं.