माय आणि परकं ओळखणारा प्रोग्राम

त्या वर्षांत मी गोंदियाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पीएचडी रेटत होते. शरीर परका जंतू ओळखून त्याचा बंदोबस्त करतं, तशी यंत्रणा कॉम्प्युटरसाठी उभी करायची आणि तिची आकडेमोड डीएनएच्या धाग्यांकडून करून घ्यायची, असा विषय. हे धागे आपल्या ठरलेल्या जोडीलाच चिकटतात. त्या चिकटण्यातून उत्तर काढायचं. तशी प्रयोगशाळा आमच्याकडे नव्हती. मी ते सगळं कॉम्प्युटरवर आभासी चालवत होते. दुपारी लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

अशात माय आमच्या गावाहून, केशोरीहून, माझ्याकडे राहायला आली. सकाळी तिची बोटं वळत नव्हती. धानाच्या रोवण्याला, चिखलात रोपं लावायला, जाणं तिनं सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा साधा वात नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे.

एकदा ती माझ्यामागे खुर्ची ओढून बसली.

"काय करून राहिली व?"

मी सांगितलं, आधी खूप पहारेकरी तयार करायचे. त्यातले आपल्याच माहितीला चिकटतात ते काढून टाकायचे. उरलेले फक्त परकं पकडतात.

"मंग माह्या अंगातले कायले नाही काढले कोणी?"

"माहीत नाही, माय."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मात्र त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

प्रोग्रामही तसाच वागत होता. जुळणीची अट सैल केली की तो माझ्याच फाइलींना परकं ठरवायचा; घट्ट केली की खरं परकं निसटून जायचं. डॉक्टरांनी मायच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा डोस वाढवला तेव्हा बोटं मोकळी झाली, पण ताप आला, मलेरिया निघाला. डोस कमी केला तर बोटं पुन्हा आखडली. कॉलेज, दवाखाना, रात्री जागून कॉम्प्युटर, एवढ्यात महिने सरत गेले.

शेवटी डोस मधेच कुठेतरी बसला. माय गावी परतली. रोवणा तिला जमला नाही, पण स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. प्रबंधाच्या शेवटी मी लिहिलं की खरा प्रयोग परीक्षानळीत व्हायला हवा. तो मी कधी केला नाही.

पदवी मिळाल्याचा फोन मी गावी दुसऱ्या दिवशी केला.

"झालं ना?" माय म्हणाली. "आता निजून घे थोडी."