पदराखाली झालेला म्हशीचा सौदा

मालक जाऊन वरीस झालं व्हतं आन थोरली पोरगी बारावी पास झाली. तिला नर्स व्हयाचं व्हतं. पुन्याला फी भरायची तर घरात इकन्यासारखी एक म्हसच. फीची तारीख जवळ आलेली. येत्या बाजारात ती खपली न्हाई तर पोरगी माझ्यासंगं खुरपायला.

धाकल्या दिरांना म्हनलं, "भावजी, बेल्ह्याच्या बाजाराला चला."

ते आदल्या दिशीच तयारीला लागलं. शिंगांना तेल, अंगाला तेल. म्हशीच्या कपाळावर पांढरं केस आलं व्हतं. टीव्हीवर दाखवत्यात त्यो मानसांचा कलप आनला आन म्हशीला फासला.

"वैनी, बघा कशी कवळी दिसती!"

"उरला आसंल तर सोताच्या मिशीला लावा," म्या म्हनलं.

बाजारात ऊन लई. पांढऱ्या सदऱ्याचा एक हेडी आला, गुरांचा यापारी. त्यानं दात बघितलं, कास चाचपली, कपाळावर थाप मारली आन हात सदऱ्याला पुसला. पाची बोटं काळी उठली. रूपाचं आसंच आसतं, ऊन तापलं की हाताला लागतं.

"ह्ये काय वो?"

भावजी म्हनलं, "जातिवंत म्हस हाये राव, रंग पक्का हाये."

"पक्का कुठं, माझ्या अंगावर आला की!"

मला काय ऱ्हावलं न्हाई. "भाऊ, कलप हाये त्यो. वयानं हाये ती. एक सड बंद हाये. आन परक्यानं धार काढाया घेतली की लाथ मारती."

भावजी मटकन खाली बसलं.

हेडी म्हनला, "आता चांगलं काय आसंल त्ये बी सांगा."

"दूध घट्ट हाये. आन पोरांवर कधी शिंग उगारलं न्हाई."

त्याला त्ये पटलं आसंल. त्यानं खांद्यावरचा टावेल काढला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं करत न्हाईत. टावेलाखाली एकमेकाचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. भावजींनी हात पुढं केला. म्या मागं वढला. मागल्या साली त्यांनी चुकीचं बोट दाबून बैल फुकापासरी घालवला व्हता.

"म्हस माझी, बोटं बी माझी," म्या म्हनलं.

हेडीनं टावेल परत खांद्यावर टाकला. "आवो बाई, भर बाजारात तुमचा हात कसा धरू? घरी मला भाकर मिळायची न्हाई!"

हसत हसत गेला. मंग जो येई त्यो टावेल काढी, मला बघी आन निघून जाई. ऊन कललं. माझ्या डोळ्यापुढं पोरीच्या हातात खुरपं दिसाया लागलं.

पिंपळवंडीचं एक जोडपं कवाधरनं बघत व्हतं. बाई नवऱ्याला म्हनली, "लाथ मारती म्हनून सांगती, ती दुधाचं खोटं न्हाई सांगायची." नवरा टावेलाला हात घालतोय तर तिनं कोपर मारलं. "तुमी व्हा बाजूला!"

आन माझ्याच पदराखाली हात घातला.

मानसं गोळा झाली. ती बोटं दाबती, मी बी दाबती. जरा येळानं ती हळूच म्हनली, "आवो ताई, ह्ये किती झालं?"

"मला काय ठावं? तुमी काय दाबलं?"

"मला तरी कुठं ठावं!"

दोघी हसून हसून खाली बसलो. मंग पदर दोघींच्या डोक्यावर घेतला, कानात भाव सांगितला, कमीजास्त केला आन ठरलं. भावजी भवतीनं फिरतायत, "किती? किती?" कुनी सांगंना. नवऱ्याला बी पैसं मोजायच्या वक्तालाच कळलं.

म्हस निघाली तवा मागं बघत व्हती. म्या बघितलं न्हाई, दावं गुंडाळत बसले.

फी भरली. पोरगी यष्टीत बसताना म्हनली, "आय, तुला आता करमायचं न्हाई."

म्या म्हनलं, "शेन काढायचं वाचलं."

पर पहाटं जाग यायचीच. उठायचं, गोठ्यात जायचं, मोकळी दावन बघायची, माघारी येऊन च्या ठिवायचा. पोरगी शिकून नोकरीला लागस्तवर कोराच पिला. वंगाळ लागत न्हाई, गूळ जरा जास्ती टाकायचा.