फिशटँकमधल्या अळ्या

शेजारच्या मुलीला डेंग्यू झाला, तेव्हा मी संतापून पत्रक लिहिलं: दोषी फक्त महापालिकेची गटारं. बाळकुमच्या आमच्या इमारतीत ते दारोदार चिकटवलं. घरातलं पाणी तपासायला आलेल्या आरोग्यसेविकेला तर दारातच अडवलं.

"आधी गटारं साफ करा!"

"अरे, बघू दे की त्यांना," आई आतून ओरडली.

मासे मेल्यापासून माझा फिशटँक तसाच भरलेला होता. आरोग्यसेविका ताईंनी आत येऊन त्यावर बॅटरी मारली. डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"दादा, डेंग्यूचे डास गटारात नाही, अशा साफ पाण्यात होतात," त्या हळूच म्हणाल्या.

पाणी मी लगेच ओतून टाकलं. शेजारच्या दारावरचं माझं पत्रकही काढलं. मुलगी अजून हॉस्पिटलात होती. तिच्या आईला सगळं सांगायचं होतं, पण बेल न वाजवताच परतलो.