मामीची वाघर

अन्याय माझ्या मामीवर झाला. १९९६ साली, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, डाळजला, भरल्या अंगणात. करणारे घरचेच होते.

मामी वाद घालायची नाही. तिचे सासरे, आमचे आबा, यांनी जन्मभर मेंढरं राखली. कळप विकून वर्षं लोटली होती. पण विसरण्याचा आजार जडला आणि दिवस मावळायला आला की आबा हायवेकडं निघायचे. "मेंढरं माघारी आली न्हाईत." अडवलं की काठी उगारायचे. शेजारीण म्हणायची, "विकली म्हणून सांग की." मामी म्हणायची, "रोज सांगू? रोज नव्यानं रडत्यात."

तिनं माळ्यावरून वाघर काढली, मेंढरं कोंडायची दोराची जाळी. मेखा आबांच्या हातात दिल्या. आबा तासभर मेखा ठोकत, जाळी ताणत, गाठी तपासत. मग मामी विचारायची, "मामंजी, आली का समदी?"

"आली. एक लंगडी हाय, तिला आत घे."

मामी वाकून ती नसलेली लंगडी उचलायची, आत ठेवायची आणि ताट वाढायची. आबा जेवून गप झोपायचे. गोळी नाही, दोरखंड नाही. गाव हसायचं. "हसू दे," मामी म्हणायची, "काठी तर उठत न्हाय."

तीन वर्षं ती कन्हेरीला माहेरी गेली नव्हती. धाकटा मामा बारामतीहून रविवारी यायचा, चहा प्यायचा, सल्ला द्यायचा. "वहिनी, चार दिवस जाऊन या, मी बसतो," हे वाक्य त्याला कधी सुचलं नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्या मुलीला बघायला आलेले पाहुणे घेऊन आला. पाहुणा हसत म्हणाला, "आबा, मेंढरं किती?" धाकट्या मामानं कोयता घेतला आणि सगळ्यांसमोर वाघर तोडली. "तुमीच येड लावलंय त्यांना, वहिनी."

मग झोपेच्या गोळ्या आल्या. आबा दिवसाही पेंगायला लागले. एके दुपारी तोल जाऊन पडले, खुबा मोडला, आणि आषाढ लागायच्या आत गेले.

तेराव्याला धाकटा मामा पंगतीत सांगत होता, "वहिनीचं लक्ष नव्हतं."

मामी भात वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "भावजी, ते पडले तवा मी त्यांचंच धुणं धूत हुते."

पंगतीनं वाढलेला भात कालवला. मीही कालवला.

तुमच्या घरात अशी बाई आहे. हळहळू नका. येत्या रविवारी तिला एसटीत बसवून द्या आणि चार दिवस म्हाताऱ्यापाशी तुम्ही बसा. सल्ला त्यानंतर द्या.